जुळे सोलापुरातला मुलांचा रोबोटिक्स क्लास: बारा दिवस, साडेतीन हजार फी आणि आबांची जकार्डची कार्डं

मे महिन्यात आमच्या लेकीला, चिऊला, जुळे सोलापुरातल्या रोबोटिक्सच्या उन्हाळी क्लासला घातलं होतं, तेव्हापासून सोसायटीतल्या आणि शाळेच्या ग्रुपवरच्या निदान दहाबारा जणींनी विचारलंय की कसा आहे, पैसे वसूल होतात का, नुसती खेळणी जोडायला लावतात की खरंच काही शिकवतात. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. जरा लांबण लागेल पण नीट वाचा, कारण चांगलं खूप आहे आणि दोनतीन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या.

क्लास बारा दिवसांचा, सकाळी ८ ते साडेदहा, फी ३५०० रुपये, वय ९ ते १४, बॅचला बावीस मुलं, शिकवायला एक सर आणि एक मॅडम. दोघंही इथलेच, सोलापुरातच इंजिनिअरिंग केलेले. बोलणं सगळं मराठीत. हे मुद्दाम सांगते कारण आमची पोरगी मराठी माध्यमाची आहे आणि मला तीच भीती होती की इंग्रजीत सुरू झालं की ही गप्प बसणार.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी घातलं होतं, नाव घेत नाही. तिथं पहिल्याच दिवशी डबा हातात दिला, सोबत छापील कागद, एक नंबरचा स्क्रू इथं, दोन नंबरची वायर तिथं, पाच दिवसांत चारचाकी गाडी तयार, फोटो काढला, सर्टिफिकेट दिलं, संपलं. घरी आल्यावर मी विचारलं ही वळते कशी गं, तर म्हणाली माहीत नाही, तसंच लिहिलं होतं. ती गाडी अजून माळ्यावर आहे. त्यामुळं यंदा परत पैसे घालायचे म्हणल्यावर ह्यांचा विरोधच होता.

यंदाच्या क्लासात पहिले तीन दिवस किटला, म्हणजे रोबोट जोडायच्या सुट्या भागांच्या डब्याला, हातच लावू दिला नाही, फक्त रोबोटचा इतिहास. चिऊ पहिल्या दिवशी तोंड पाडून आली, आई तिथं पण इतिहासच आहे म्हणाली. मलाही वाटलं झालं, गेले पैसे. पण दुसऱ्या दिवशी जेवताना ती जे बोलायला लागली ते रात्री झोपेपर्यंत थांबलीच नाही आणि तिथून माझं मत बदललं. बारा दिवसांतलं सगळ्यात चांगलं शिकवणं त्या पहिल्या तीन दिवसांतच होतं असं मला आजही वाटतं.

सुरुवात सरांनी शब्दापासून केली. रोबोट हा शब्द इंग्रजी नाहीच, तो चेक भाषेतला आहे. कारेल चापेक नावाच्या लेखकानं १९२० मध्ये एक नाटक लिहिलं, आर. यू. आर., त्यात कारखान्यात बनवलेली माणसासारखी कामगार मंडळी आहेत, त्यांना काय म्हणायचं ते त्याला सुचत नव्हतं, तर त्याच्या भावानं, योसेफनं, हा शब्द सुचवला. मूळ शब्द रोबोता, म्हणजे जमीनदाराकडं करावी लागणारी सक्तीची मजुरी. सरांनी फळ्यावर लिहिलं, रोबोता म्हणजे वेठ, आणि विचारलं वेठबिगार कुणाला माहितीय? एकालाही नाही. मग त्यांनी सांगितलं की पूर्वी गावात पाटलाच्या, सावकाराच्या शेतावर फुकट राबावं लागायचं ते. चिऊनं घरी येऊन आम्हाला हेच विचारलं, की आई माणसाला नको असलेली कामं करायला रोबोट केला म्हणून त्याचं नाव वेठ्या ठेवलं का? मला उत्तर देता आलं नाही पण प्रश्न फार आवडला. आणि त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच बरं का, रसायनांपासून बनवलेले हाडामासासारखे होते. लोखंडी चेहरा, चौकोनी डोकं हे सगळं नंतर आलं.

मग शब्द जन्मायच्या आधीची यंत्रं. माळव्याच्या भोज राजाच्या नावावर असलेला समरांगणसूत्रधार हा अकराव्या शतकातला ग्रंथ, मुख्यतः वास्तुशास्त्राचा, पण त्यात यंत्रांवर अख्खा अध्याय आहे आणि आपोआप हलणाऱ्या बाहुल्यांचं वर्णन आहे. नंतर अल जझारी, ह्यानं १२०६ मध्ये आपल्या यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं, हत्तीच्या पाठीवरचं पाण्यावर चालणारं घड्याळ त्याचंच. जपानमधल्या चहा आणून देणाऱ्या बाहुल्या, पेला उचलला की थांबणाऱ्या आणि परत ठेवला की मागं वळून जाणाऱ्या. स्वित्झर्लंडमधला जाके द्रो घराण्यानं अठराव्या शतकात केलेला लिहिणारा यांत्रिक मुलगा, आत सुमारे सहा हजार भाग, दौतीत पिसाची लेखणी बुडवतो, झटकतो आणि लिहितो, आणि अजूनही चालू आहे. ह्याचे व्हिडिओ दाखवले, पोरं जागची हलली नाहीत म्हणे.

पण सगळ्यात जास्त चर्चा झाली बदकाची. जाक दे वोकाँसाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १७३९ मध्ये एक यांत्रिक बदक केलं होतं, पंख फडफडवायचं, दाणे खायचं आणि थोड्या वेळानं शी करायचं. आता नऊ ते चौदा वर्षांच्या बावीस पोरांसमोर हे सांगितल्यावर वर्गात काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. लोकांना वाटायचं बदक खरंच पचवतंय, पण दाणे एका कप्प्यात साठायचे आणि शी आधीच दुसऱ्या कप्प्यात भरून ठेवलेली असायची. सरांनी इथं पोरांना थांबवून विचारलं की मग हा माणूस फसवाफसवी करत होता की हुशार होता? दोन गट पाडले आणि भांडू दिलं. मग म्हणाले, ह्याच माणसाला पुढं फ्रान्सच्या राजानं रेशमाच्या कारखान्यांवर नेमलं आणि १७४५ च्या सुमाराला त्यानं आपोआप नक्षी विणणारा माग बनवला. माग म्हणल्यावर सर म्हणाले, कुणाकुणाच्या घरी माग आहे किंवा होता, हात वर करा. सात हात वर आले.

त्यात चिऊचा होता. माझे सासरे, म्हणजे तिचे आबा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, आयुष्यभर चादरीच्या मागांची दुरुस्ती केली. चिऊनं तिथंच सांगून टाकलं की आमच्या आबांकडं जुनी भोकाची कार्डं आहेत. सरांचा त्या दिवशी दुपारी मला फोन, ताई, आबांना तिसऱ्या दिवशी वर्गात घेऊन येता का, कार्डं घेऊन. मी आबांना विचारलं तर आधी नाहीच म्हणाले, मी सातवी शिकलेला माणूस, कॉम्प्युटरच्या क्लासात काय बोलू. पण सकाळी साडेसहाला अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कार्डांचा गठ्ठा पिशवीत घालून दारात बसलेले.

मी त्या दिवशी रजा टाकून गेले होते म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय. आबांनी टेबलावर कार्डं पसरली, जाड पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या, एकाला एक दोऱ्यानं गुंफलेल्या, माळेसारख्या, प्रत्येकीवर भोकांच्या ओळी. कडा हातांनी काळ्या झालेल्या, एकदोन कार्डांवर पेन्सिलीनं नंबर. पोरं सगळी टेबलाभोवती. आबा म्हणाले, हे बघा, भोक असलं की सुई आत जाते, हुक पकडला जातो, तार, म्हणजे उभा धागा, वर उचलली जाते. भोक नसलं की पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, तार खालीच राहते. एका कार्डावर बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ. कार्ड फिरलं की पुढची ओळ. मोर, फुलं, सिद्धेश्वराचं देऊळ, चादरीवर जे जे बघता ते सगळं असंच, भोक आणि बिनभोक.

सर मागं उभे होते, ते फक्त एवढंच म्हणाले, पोरांनो ह्याला आपण प्रोग्राम म्हणतो. भोक म्हणजे एक, बिनभोक म्हणजे शून्य.

मग सरांनी इतिहास जोडून दिला. जोसेफ मारी जकार्ड हा फ्रान्समधल्या लियाँचा, त्यानं वोकाँसाँचा तो अडगळीत पडलेला माग अभ्यासला आणि १८०४ मध्ये कार्डांवर चालणारी आपली पद्धत आणली. पुढं १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राला हुकूम द्यायला हीच कार्डं वापरायचं ठरवलं, आणि १८९० मध्ये अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथच्या भोकाच्या कार्डांवर मोजली गेली. तिथून कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरवरून आजचा रोबोट. म्हणजे शी करणाऱ्या बदकापासून आमच्या साखर पेठेतल्या चादरीपर्यंत आणि चादरीपासून रोबोटपर्यंत एकच दोरा. इतकी वर्षं मी ह्या घरात आहे, खटखट ऐकत झोपलेय, पण हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आबांना पण नाही. सरांनी सांगितलं की १८३९ मध्ये जकार्डचंच चित्र रेशमात विणलं होतं आणि त्याला २४ हजार कार्डं लागली होती, तेव्हा सगळी पोरं वाव म्हणाली आणि आबांनी एकच विचारलं, त्यातलं एक कार्ड उलटं गुंफलं गेलं तर कुठं शोधायचं हो?

पोरांना मग आलेखाचा कागद दिला, आठ बाय आठ चौकोन, त्यात चित्र काढा, आठ कार्डं कापा, पंचिंग मशीननं भोकं पाडा, आणि ती कार्डं शेजारच्या मुलाला द्या. चित्र दाखवायचं नाही. शेजारच्यानं फक्त कार्ड बघून लोकरीचा धागा वरखाली घालत विणायचं. चिऊनं मासा काढला होता. विणून आला तर शेपटी धडापासून तुटलेली. आबा वाकून बघत होते, त्यांनी बोट ठेवलं, सहावं कार्ड, तिसरं भोक, पाडायचं राहिलंय. पंच मारलं, परत विणलं, शेपटी जुळली. प्रोग्राममधली चूक शोधणं काय असतं हे ह्याच्यापेक्षा सोपं करून सांगता येईल असं मला तरी वाटत नाही. नंतर कॉम्प्युटरवर ठोकळे जोडून प्रोग्राम करताना गाडी उलटी वळली की पोरं ओरडायची, सर सहावं कार्ड चुकलंय!

त्याच तासात एका मुलानं आबांना विचारलं, मशीन आल्यावर आधीचे लोक काय करत होते? सरांनी नुकतंच सांगितलं होतं की लियाँच्या विणकरांनी जकार्डच्या मागाला विरोध केला होता, आपली रोजीरोटी जाईल म्हणून. आबा जरा थांबले. म्हणाले, माझे वडील एक हातमाग चालवायचे. मी कामाला लागलो तेव्हा एक माणूस चार पॉवरलूम बघायचा. आता रेपियर माग आलेत, त्यात आडवा धागा नेणारा धोटाच नाही. बाकीचे कुठं गेले म्हणशील तर कुणी रिक्षा घेतली, कुणी भिवंडीला गेलं, आणि घरातल्या बायका विड्या वळत होत्या म्हणून बऱ्याच घरात चूल पेटली. पोरं शांत झाली होती. सरांनी विषय बदलला नाही की गुळगुळीत काही बोलले नाहीत, पुढच्या तासाला पहिल्या कारखान्यातल्या रोबोटवर आले तेव्हा हाच प्रश्न परत घेतला. ह्यासाठी मी त्यांना मनापासून मानते.

तो पहिला कारखान्यातला रोबोट म्हणजे युनिमेट. जॉर्ज डेव्हॉलनं १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, जोसेफ एंगेलबर्गर त्याला नंतर भेटला, दोघांनी मिळून तो बनवला आणि १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसवला. दिसायला माणसासारखा अजिबात नाही, नुसता एक हात, वजन जवळपास १८०० किलो. काम काय, तर साच्यातून निघालेले लालबुंद तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवायचे. जिथं माणसाचा हात भाजायचा तिथं. चिऊनं घरी येऊन हे सांगितल्यावर आबा म्हणाले, मग डाय हाऊसमध्ये, सूत रंगवायच्या खात्यात पण पाहिजे होता, तिथं उकळत्या रंगाच्या टाकीजवळ पोरं उभी असायची.

हाताचा खेळ पण फार छान घेतला. एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी, समोर टेबलावर स्टीलचा पेला, बाकीच्यांनी फक्त हुकूम द्यायचे, खांदा दहा अंश वर, कोपर सरळ, मनगट डावीकडं, बोटं मिट. पेला उचल असं म्हणायचं नाही. एक पेला उचलायला अकरा मिनिटं लागली आणि तीनदा खाली पडला. खांद्यापासून मनगटापर्यंत आपला हात सात तऱ्हांनी वळतो आणि हे सगळं आपण विचार न करता करतो, हे त्यांना तिथं कळलं. घरी आल्यावर चिऊनं भाकरी थापताना माझ्या मनगटाकडं इतक्या बारकाईनं बघितलं की मीच थांबले.

चौथ्या दिवसापासून किट. इथं प्रत्येक वस्तू कुठल्या जुन्या रोबोटशी नातं सांगते हे धरून शिकवलं. उदाहरणार्थ कासव. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर नावाचा मेंदूचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ होता, त्यानं १९४८-४९ मध्ये दोन यांत्रिक कासवं केली, एल्मर आणि एल्सी. आत फक्त दोन व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, एक उजेड ओळखणारा डोळा, आणि कवच कशाला धडकलं की कळणारा स्पर्श. एवढ्यावर ती उजेडाकडं जायची, अडथळा आला की वळसा घालायची, बॅटरी उतरली की आपल्या खोपटात परत यायची. मुलांनी तसंच कासव केलं, कॉम्प्युटर न जोडता, नुसत्या दोन पिवळ्या मोटर, एक पुढचं फिरतं चाक आणि दोन उजेडाचे सेन्सर, ज्यावर प्रकाश पडला की वीज जास्त जाऊ देतात. डावीकडचा सेन्सर उजव्या मोटरला, उजवीकडचा डाव्या मोटरला, की झालं, ते उजेडाकडंच वळतं. वायरी अदलाबदल केल्या की उजेडापासून पळतं. चिऊनं हे घरी गच्चीवर दाखवलं, लाइट गेली होती, सगळे वरच झोपायला आलेलो, तिनं मोबाईलची टॉर्च लावली आणि ते कासव अंथरुणांच्या मधून तिच्या मागं मागं. शेजारच्या गच्चीवरची माणसं कठड्याला येऊन बघत होती.

मग काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी, ती सगळ्याच क्लासेसमध्ये असते. पांढऱ्या कागदावरून किरण परततात, काळी पट्टी ते गिळते, त्यावरून गाडीला कळतं. इथं मात्र तीन मुलांच्या गाड्या खिडकीजवळ आल्या की वेड्यासारख्या कुठंही जात होत्या. पोरांना वाटलं वायरी सैल आहेत, अर्धा तास तेच. मॅडमनी उत्तर सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या तीच गाडी भिंतीकडच्या पट्टीवर ठेवून बघा. तिथं नीट चालली. मग एकीला सुचलं की ऊन! सोलापूरचं मे महिन्यातलं नऊ वाजताचं ऊन फरशीवर पडलेलं, आणि सेन्सर जे न दिसणारे किरण बघतो ते उन्हात भरपूर असतात. काळ्या चार्ट पेपरची टोपी करून सेन्सरवर चिकटवली, सेन्सरवरच्या निळ्या डबीतला बारीक स्क्रू फिरवून नेम लावला, गाड्या सुतासारख्या सरळ. आदल्या वर्षीच्या त्या पाच दिवसांत असं काहीच घडलं नव्हतं, कारण तिथं काही बिघडूच दिलं नव्हतं.

चंद्रावरच्या प्रज्ञानचा तास पण लक्षात राहील असा. २०२३ मध्ये २३ ऑगस्टला चांद्रयान ३ उतरलं ते बहुतेक पोरांनी शाळेत बघितलेलं, पण त्यातला प्रज्ञान रोव्हर, म्हणजे चंद्रावर फिरणारी गाडी, केवढा ते कुणाला माहीत नव्हतं. वजन २६ किलो, सहा चाकं, आणि वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर. सरांनी वर्गाच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरली, पाच मीटर, आणि एका मुलाला मोजपट्टीनं एक एक सेंटिमीटर खेळण्यातली गाडी सरकवायला लावली. ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांच्या वर. पोरं आधी हसत होती, मग कंटाळली, मग कुणीतरी विचारलं की एवढं हळू का, आणि तिथून खड्डे, धूळ, बॅटरी, उलटला तर उचलायला कोण जाणार, हे सगळं आपोआप निघालं. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचं पण सांगितलं, २००४ मध्ये उतरला, ९० मंगळ दिवस चालेल असं धरलं होतं आणि २०१८ पर्यंत चालला. पुण्यात डीआरडीओनं बनवलेला बॉम्ब निकामी करणारा दक्ष, आणि केरळच्या तरुण इंजिनिअरांनी २०१८ मध्ये आणलेला गटार साफ करणारा बँडीकूट. हे शेवटचं ऐकून चिऊ रात्री बराच वेळ गप्प होती, कारण आमच्या गल्लीत मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाला तिनं बघितलंय. तिला एवढंच कळत नव्हतं की मशीन आहे तर मग तो काका अजून आत का उतरतो.

आता जे खटकलं ते.

जागा. पत्र्याचा शेड आहे, वर थर्माकोलचं सीलिंग केलंय पण साडेनऊनंतर भट्टी होते, दोन पंखे आणि एक कूलर बावीस मुलांना पुरत नाही. बाटली मोठी द्या, एक लिटरची पुरली नाही. दोन मुलांना चक्कर आली होती. मॅडमनी लगेच लिंबूपाणी दिलं, पालकांना फोन केला, काळजी घेतली हे खरं, पण मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली क्लास घ्यायचा तर वेळ सात ते साडेनऊ करायला पाहिजे, मी तसं लिहूनही दिलंय.

किट. चार मुलांत एक. त्यामुळं ज्याचा हात पुढं त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर. किट मिळाल्यावर पहिले दोन दिवस चिऊच्या गटात दोन मोठी मुलं सगळं जोडत होती आणि ह्या दोघी मुलींना वहीत लिहून काढायचं काम दिलेलं. मी मॅडमशी बोलले, त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पाळी लावली, घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी काम बदलायचं, आणि मग छान झालं. पण हे सांगावं लागायला नको होतं. किट घरी न्यायचं असेल तर वेगळे १८०० रुपये, हे फी भरताना कुणी बोललं नाही, आठव्या दिवशी चिठ्ठी आली. सगळी पोरं घेणार म्हणल्यावर आपल्याला नाही म्हणता येतं का? ३५०० नाही, ५३०० धरून चला.

इतिहासाचा नंतरचा भाग पळवला. १९६० च्या दशकातला शेकी, जो स्वतः विचार करून वाट ठरवणारा पहिला फिरता रोबोट, त्याला पाच मिनिटं, माणसासारखे चालणारे जपानचा वाबोट आणि होंडाचा असिमो मिळून एक व्हिडिओ, आणि आताची एआय वगैरे तर शेवटच्या दिवशी घाईघाईत. आठदहा स्लाइड इंग्रजीत होत्या. एका स्लाइडवर चूक पण होती, रोबोट हा शब्द विज्ञानकथा लिहिणाऱ्या आयझॅक ॲसिमॉव्हनं दिला असं लिहिलं होतं. रोबोटनं कसं वागावं ह्याचे त्याचे तीन नियम १९४२ च्या कथेतले आहेत आणि रोबोटिक्स हा शब्द त्याचा आहे, रोबोट हा चापेकच्या नाटकातला, पहिल्या दिवशी ह्यांनीच शिकवलेला. ही चूक चिऊच्या वर्गातल्या एका मुलीनं तिथल्या तिथं दाखवली आणि सरांनी सगळ्यांसमोर तिचं ऐकून स्लाइड बदलली. मला तर उलट त्याचं बरंच वाटलं.

पार्किंगला जागा नाही, गाडी समोरच्या मैदानाच्या कडेला लावा. शेवटच्या दिवशीचं प्रदर्शन एक तास उशिरा सुरू झालं, म्हातारी माणसं नेणार असाल तर खुर्चीचं आधी सांगून ठेवा, आबांना अर्धा तास उभं राहावं लागलं. सर्टिफिकेटवर चिऊचं नाव चुकलं होतं, बदलून मिळालं.

कुणाला घालावं? चौथीच्या खालच्या मुलांना नको, अडीच तास बसवत नाही. ज्यांना फक्त स्पर्धेत बक्षीस आणायचंय, वेगवान गाड्या पाहिजेत, त्यांना पहिले तीन दिवस फुकट गेल्यासारखे वाटतील, तशा एक पालक तिथं भांडत पण होत्या. पण ज्या पोराला प्रत्येक गोष्ट का म्हणून विचारायची सवय आहे, त्याला डोळे मिटून घाला. आणि घरात कुणी जुनं माणूस मागावर, गिरणीत, लेथवर काम केलेलं असेल तर सरांना आधीच सांगा, ते बोलावतात आणि मान देऊन बसवतात.

मी पाचपैकी चार देते. एक कापला तो पत्रा आणि किटच्या लपवलेल्या पैशांसाठी.

दिवाळीच्या सुट्टीत पुढची बॅच आहे, आठ दिवसांची, त्यात कार्ड वाचून स्वतः धागा उचलणारा छोटा माग करायचाय, मोटर आणि सेन्सर लावून. आम्ही नाव दिलंय. आबा परवा अशोक चौकातल्या जुन्या दोस्ताकडं जाऊन सुया आणि चार हुक घेऊन आले, गंज काढून, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत, आणि चिऊला सांगितलंय की सहावं कार्ड ह्या वेळी आधी मी तपासणार.